दोन भाग बघून के-ड्रामा सोडलात? आधी वाट्यांकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातले सगळे कोरियन-जपानी मालिका बघून डोळे पुसतात, तुम्ही दोन भाग बघितले, काहीच घडेना म्हणून सोडून दिलं, तर त्यात एवढं भावण्यासारखं काय असतं आणि तुमचं कुठे चुकतंय?

फारसं कुठे चुकत नाहीये. दोन भागांत काही घडलं नाही हे तुमचं निरीक्षण बरोबरच आहे. फक्त ज्याला तुम्ही 'घडणं' म्हणताय ते तिथे नव्हतं. दुसरं बरंच काही मांडून ठेवलं जात होतं, आणि ते इतकं घरगुती असतं की नजर त्यावरून घसरते.

आधी मापाचं बोलू, कारण निम्मं कारण तिथेच आहे. कोरियन मालिकेचा रूढ साचा १६ भागांचा. भाग तासा-सव्वातासाचा, आठवड्यातून लागोपाठ दोन रात्री, म्हणजे आठ आठवड्यांत खेळ खलास. जपानी मालिका तिमाहीच्या हिशोबाने चालतात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. आठवड्याला एक भाग, जाहिराती वगळून पाऊण तासाच्या आसपास, एकूण दहा-अकरा. चिनी मालिका लांबतात. २०२० मध्ये तिथल्या नियामकाला चाळिसाच्या आत आवरा म्हणून सांगावं लागलं. तेव्हा 'आशियाई' हा शब्द फार ढोबळ आहे. तुम्ही बहुधा कोरियन मालिका सोडली असणार, म्हणून मी मुख्यतः तिच्याबद्दल लिहितो.

आपली रोजची मालिका वीस-बावीस मिनिटांची, आठवड्याला सहा भाग, आणि टीआरपी टिकेल तोवर चालू. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. यात लिहिणाऱ्यांची गुणवत्ता कमी असते असं अजिबात नाही. पण शेवट केव्हा येणार हेच ठाऊक नसेल, तर पहिल्या भागात पेरून पंधराव्यात उगवायचं कसं? कोरियात १६ भाग बहुतेक वेळा एकाच हाताने लिहिलेले असतात. गाजलेल्या लेखकांत बायका पुष्कळ आहेत, आणि प्रेक्षक लेखिकेचं नाव बघूनही मालिका निवडतात. शेवट कुठे आहे हे ठाऊक असलेली व्यक्ती सुरुवातीला घाई करत नाही. तुम्हाला कंटाळा आला तो नेमका या जागेवर.

आता एक उदाहरण नीट उघडून बघू. 'रिप्लाय १९८८' ही २०१५-१६ मध्ये टीव्हीएन वाहिनीवर आलेली २० भागांची मालिका. लेखिका ली ऊ-जंग, दिग्दर्शक शिन वॉन-हो. सोलमधल्या सांगमुनदोंग भागातली एक गल्ली, त्यात शेजारी राहणारी पाच कुटुंबं, आणि ऑलिंपिकचं वर्ष. पहिल्या भागात संध्याकाळी प्रत्येक आई पोराच्या हातात काहीतरी देते आणि शेजारी पाठवते. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून दुसरी आई त्यात आपल्याकडचं घालून देते. पोरं गल्लीत एकमेकांना आडवी जात राहतात, वाट्या फिरत राहतात, आणि शेवटी प्रत्येक घराच्या जेवणात सगळ्या घरांचं काही ना काही येतं. यात कथानक पुढे सरकलं का? नाही. पण कोणाकडे पैसा आहे, कोणाकडे चणचण आहे, कोणती आई सढळ हाताची आहे आणि कुठल्या घरात आईच नाही, हे सगळं तुम्हाला कळलेलं असतं, आणि कोणीही ते तोंडाने सांगितलेलं नसतं. वाटी रिकामी परत न करणं हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून तर ते निसटतं.

त्याच भागात अंड्याचा प्रसंग आहे. नायिका दोकसुन तीन भावंडांत मधली. थोरल्या बहिणीचा आणि तिचा वाढदिवस जवळजवळ येतो, म्हणून एकाच केकवर दोघींचं उरकलं जातं. ती चिडते ते मात्र निव्वळ केकवरून चिडत नाही. तळलेलं अंडं ताईला आणि धाकट्याला, मला का नाही. कोंबडीची तंगडी मला का नाही. त्यांची नावं गोड आणि माझंच नाव असं जुनाट का. वर्षानुवर्षांचा हिशोब एका दमात बाहेर पडतो, आणि त्यातली प्रत्येक रक्कम क्षुल्लक असते. ती 'तुमचं माझ्यावर प्रेम नाही' असं म्हणाली असती तर तो प्रसंग नाटकी झाला असता. अंडं म्हणाली म्हणून तो खरा झाला. नंतर वडील तिला गल्लीत गाठून माफी मागतात, तीही आडवळणाने: आपणही बाप म्हणून पहिल्यांदाच जगतोय, अशा अर्थाचं काहीतरी. हे वडील बँकेत नोकरीला आहेत, दुसऱ्याला जामीन राहून बुडालेत आणि घरमालकाच्या खालच्या अर्ध्या तळघरात सगळ्यांना घेऊन राहतायत. त्या माफीला वजन येतं ते या तपशिलांमुळे. चार चमचे पार्श्वसंगीत ओतून ते आलं नसतं.

दुसरी गोष्ट भाषेची. इथे इंग्रजी सबटायटल तुमचं सर्वांत जास्त नुकसान करतात. कोरियन भाषेत आपल्यासारखंच, किंबहुना आपल्याहून काटेकोर, अहोजाहो आणि अरेतुरे आहे. क्रियापदाचा शेवटच बदलतो. दोन माणसं आठ भाग अहोजाहो करतात आणि नवव्यात एक जण चुकून किंवा मुद्दाम अरेतुरेवर येतो, तेव्हा तिकडचा प्रेक्षक सावरून बसतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच सर्वनाम, त्यामुळे तुम्हाला पत्ताच लागत नाही. नात्याच्या हाकांचंही तेच. मुलगी थोरल्या भावाला, आणि पुढे प्रियकरालाही, 'ओप्पा' म्हणते. मुलगा थोरल्याला 'ह्योंग' म्हणतो, थोरलीला 'नूना'. सबटायटलमध्ये त्या जागी बऱ्याचदा नुसतं नाव येतं. तेव्हा कान उघडा ठेवा: वाक्याच्या शेवटी 'यो' किंवा 'निदा' ऐकू येत असेल तर आदरार्थी चाललंय, तो 'यो' गळला की काहीतरी बदललं. एवढं एक सूत्र धरलंत तरी तुमच्या पदरात बरंच पडेल. हिंदी सबटायटल मिळाले तर ते घ्या. त्यात आप-तुम-तूचा फरक ठेवायला निदान जागा तरी असते.

बोलीभाषेचा भाग याहून गमतीचा. २०२५ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स' या मालिकेचं मूळ नाव जेजू बेटाच्या बोलीत आहे. त्याचा तिथला अर्थ 'फार कष्ट केलेत हो' असा काहीसा. सोलच्या प्रमाण कोरियन कानाला मात्र तेच शब्द 'पुरते फसलात' असे ऐकू येतात. बेटावर आयुष्य काढलेल्या माणसांच्या गोष्टीला याहून चांगलं नाव सापडलं नसतं, आणि इंग्रजी नावात यातलं काहीच उरलेलं नाही. मालवणी संवादाचं पुस्तकी मराठी केलं तर काय होईल, तसंच हे.

तिसरी गोष्ट शांततेची. 'माय मिस्टर' (२०१८, १६ भाग, लेखिका पार्क हे-यंग, दिग्दर्शक किम वॉन-सक) ही दुसऱ्या भागाला सोडून देणाऱ्यांची लाडकी मालिका आहे. अंधारं, थंड, सगळे थकलेले. नायक इमारतींची सुरक्षितता तपासणारा अभियंता. नायिका त्याच्याच ऑफिसातली कंत्राटी मुलगी, जी ऑफिसमधल्या कॉफीच्या पुड्या चोरून नेते. ती पैशांसाठी त्याच्या फोनवर पाळत ठेवते आणि कानात इअरफोन घालून त्याचा दिवस ऐकते: पावलं, लिफ्ट, उसासा, दारूच्या अड्ड्यावरचे भाऊ. आपणही तिच्याबरोबर ऐकत असतो. एका माणसाला बघून नव्हे तर ऐकून ओळखत जाणं, हे मालिकेचं खरं कथानक. तिच्या आजीला ऐकू येत नाही. चंद्र बघायची इच्छा झाली म्हणून ही मुलगी तिला सुपरमार्केटच्या ढकलगाडीत बसवून चढावर नेते. त्या प्रसंगात तुमचा हात फोनकडे गेला, तर पुढचे भाग बघण्यात अर्थ नाही, हे आधीच सांगतो. नायिकेचं नाव जी-आन. ज्या चिनी अक्षरांत ते लिहितात त्यांचा अर्थ 'स्वास्थ्यापर्यंत पोचणं'. शेवटच्या भागात हे लक्षात ठेवा.

म्हणून १.२५ वेगाने बघू नका. संवाद कळतील, पण दोन संवादांमधली फट बुजेल, आणि माल तर त्या फटीत आहे. डबिंगमध्येही हाच तोटा: आवाज नवे चढतात, पण श्वास, भांड्यांचा आवाज आणि पाऊस मागे दबतात.

आता दोषही सांगतो, नाहीतर ही जाहिरात व्हायची. १२ ते १४ हे भाग बहुतेक मालिकांत पडतात. नायक-नायिकेला वेगळं करायचं असतं, म्हणून मग लहानपणीचा अपघात, परदेशातली नोकरी, नाहीतर 'तुझ्या भल्यासाठीच सोडतोय' असला त्याग. जुन्या मालिकांत याला कारण होतं. प्रक्षेपणाच्याच आठवड्यात चित्रीकरण चालायचं, आणि सेटवर दृश्यागणिक सुटी पानं यायची; त्यांना तिकडे 'जोकदेबोन' म्हणतात. २०१६ च्या 'डिसेंडंट्स ऑफ द सन'ने सगळं आधी चित्रित करून मग प्रक्षेपण केलं. २०१८ पासून आठवड्याला ५२ तासांच्या कामाचा कायदा लागू होऊ लागला, आणि हळूहळू ती धावपळ कमी झाली. तेराव्या भागाला मात्र अजून उतारा सापडलेला नाही. शिवाय पात्रं मध्येच एखाद्या सँडविचच्या दुकानात बसून चवीने बोलू लागली, तर समजा प्रायोजकाचे पैसे फिटतायत. तेवढ्यात पाणी पिऊन या.

सुरुवात कुठून करायची? सव्वातासाच्या सोळा भागांनी करू नका. जपानी 'मिडनाइट डायनर'चा एक भाग घ्या, पंचवीस मिनिटांच्या आत-बाहेर. मध्यरात्री बारा ते सकाळी सात उघडं असणारं छोटं खाणावळवजा दुकान, फलकावर एकच थाळी, पण सामान असेल तर गिऱ्हाईक मागेल ते करून मिळतं. प्रत्येक भाग एका पदार्थाचा आणि एका माणसाचा. मग हिरोकाझू कोरे-एदा यांचा 'स्टिल वॉकिंग' (२००८) हा चित्रपट. थोरल्या मुलाच्या वर्षश्राद्धासारख्या दिवशी कुटुंब जमतं, मक्याची भजी तळली जातात, आणि एवढी प्रेमळ दिसणारी आई एका माणसाला दरवर्षी का बोलावते हे संध्याकाळी कळतं. एका सुमो पहिलवानाचं नाव तिला आणि धाकट्याला काही केल्या आठवत नाही. ते कधी आठवतं तेवढं बघा. हे दोन पचले की 'रिप्लाय १९८८'. त्याचे भाग दीड तासाच्या घरात जातात, म्हणून रोज एक, फार तर शनिवारी दोन. चौथ्या भागापर्यंत थांबा. तिथवर नाही लागली गोडी तर बिनदिक्कत सोडा, मालिका तुमच्यासाठी नाही.

आणि बसण्याआधी जेवून घ्या. रात्री साडेअकराला कोणीतरी पातेल्याच्या झाकणात घेऊन रामेन ओरपतं, आणि तुमच्या फडताळात असतं मॅगीचं एक पाकीट, तेही मुलाच्या डब्यासाठी ठेवलेलं.