पन्नास जॉब कशाला मागतात?

प्रश्न : गोकुळ शिरगावला माझं छोटं मशीन शॉप आहे. बिडाच्या 20 मिमी जाड फ्लँजला, 100 मिमी पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर), 8.5 मिमीची सहा आरपार भोकं रेडियल ड्रिलवर एकेक करून पाडतो. सहाही एकदम पाडणारं एसपीएम, म्हणजे याच एका कामाचं खास मशीन, करून घ्यायचंय. ड्रॉइंग दिलं तरी बनवणारे पन्नास जॉब, म्हणजे प्रत्यक्ष फ्लँज, मागतात आणि चार महिने लागतील म्हणतात. ड्रॉइंग पुरत नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही पुरत. आणि पन्नास जॉब मागणारा माणूस भेटलाय, तर त्याला सोडू नका.

ड्रॉइंगवरून ड्रिलिंगचा हिशेब होतो, तो मी इथेच करून देतो. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिलला बिडात मिनिटाला 22 मीटर कटिंग स्पीड धरला, तर साधारण 820 आरपीएम येतात. फीड फेऱ्याला 0.2 मिमी. टोक पलीकडे निघेपर्यंत 25 मिमी चाल, म्हणजे नऊ सेकंदांत सहाही भोकं आरपार. जॉब लावणं-काढणं, क्लॅम्प, हेडची ये-जा आणि चिप झाडणं धरून 38 सेकंद. थोडा वेळ वाया जाणारच, तरी तासाला 80 जॉब निघावेत. शेजारच्या दोन भोकांत 50 मिमी अंतर पडतं, त्यामुळे स्पिंडलची बेअरिंगंही नीट बसतील.

खरं काम आहे ते जॉब धरण्याचं. सुरुवातीच्या काळात मी असंच एक मशीन केलं होतं. गिऱ्हाइकाने दहा निवडक जॉब दिले, त्यांवर ट्रायल उत्तम झाली. मशीन तिकडे गेलं आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, भोकं सरकतायत. रात्रीच्या एसटीने गेलो. जॉब जागेवर बसवणारा लोकेटर नेमका कास्टिंगच्या पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेघेवर, टेकत होता. त्यांच्या दुसऱ्या पॅटर्नच्या (साचा ज्यावरून करतात त्या नमुन्याच्या) कास्टिंगला तिथे नखाला लागेल एवढा फ्लॅश, म्हणजे सांध्यातून बाहेर आलेली धातूची कड, होता; फेटलिंगमध्ये (कास्टिंग साफ करताना) एखाद्याचा जायचा, एखाद्याचा राहायचा. राहिला की जॉब सरकून बसायचा. शेवटी लोकेशन मशिनिंग केलेल्या बोअरमध्ये (मधल्या भोकात) घेतलं, पण त्या कारखान्याचे तीन आठवडे माझ्यामुळे गेले. ते मला अजून लागतं. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी ड्रॉइंग बाजूला ठेवतो आणि जॉब हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवतो. म्हणून पन्नास जॉब द्याल ते निवडून देऊ नका. सगळ्या पॅटर्नचे द्या, रिजेक्टमधलेही चार-पाच घाला.

चार महिनेही मला जास्त वाटत नाहीत. कॉन्सेप्ट तुम्ही मंजूर करण्यातच पंधरा-वीस दिवस जातात. मग बेसचं फॅब्रिकेशन. वेल्डिंगनंतर तो भट्टीत 600 अंशांच्या आसपास तापवून सावकाश थंड करावा लागतो. हे टाळलं तर वेल्डिंगचा ताण बेसमध्ये तसाच राहतो, पुढे बेस हळूहळू वाकतो आणि त्याच्यावरची स्लाइड मापातून जाते. "तेवढं वगळा, लवकर द्या" असं कृपा करून म्हणू नका. हेड, हायड्रॉलिक, पॅनेल ही कामं त्या काळात बरोबरीने चालतात.

ऑर्डरमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या. स्टार्टची बटणं दोन हवीत, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच हेड खाली येईल अशी. ऑपरेटरची बोटं त्यावर अवलंबून आहेत. जॉब उलटा बसूच नये म्हणून जॉब धरणाऱ्या फिक्श्चरला पिन हवी. आणि ट्रायल तुमच्याच ऑपरेटरच्या हातून, तुमच्याच कास्टिंगवर, सलग एक पाळी. शेवटच्या तासातले जॉब गेजवर स्वतः तपासा, आणि मगच मशीन ट्रकवर चढू द्या.