पक्ष नसलेले गाव आणि पारावरची लोकशाही

प्रश्न : आमच्या गावची ग्रामपंचायत सलग दोनदा बिनविरोध झाली. भांडणे नाहीत, पोलीस बंदोबस्त नाही, खर्च नाही. उलट तालुक्यात पक्षांच्या राजकारणाने घरे फुटली आहेत. पक्षच नसलेली लोकशाही अधिक निर्मळ असते, असे मला वाटते. आपले मत काय?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्यासारखा विचार करणारे लोक लहान नव्हते. जयप्रकाश नारायण यांनी पक्षविरहित लोकशाहीची कल्पना १९५० च्या दशकात मोठ्या तळमळीने मांडली होती आणि तिचा पाया त्यांना गावातच दिसत होता. (त्याच जयप्रकाशांना १९७७ मध्ये चार पक्षांची मोट बांधून जनता पक्ष उभा करण्यास पुढाकार घ्यावा लागला, हा भाग वेगळा.) महाराष्ट्रात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होतात, ग्रामपंचायतीत मात्र आजही कपबशी, छत्री, शिट्टी अशी मुक्त चिन्हेच मिळतात. म्हणजे आपण म्हणता तो प्रयोग आपल्याकडे अनेक वर्षे चालू आहे आणि त्याचे फळ तपासता येते.

जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. त्याआधी नाशिक जिल्ह्यातील उमराणे या कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात सरपंचपदाची जाहीर बोली लागली आणि ती २ कोटी ५ लाख रुपयांवर थांबली. पैसा मंदिराच्या कामाला जाणार होता, त्यामुळे त्यात काही वावगे आहे असे बोली लावणाऱ्यांना वाटलेही नसावे. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी गावातही असाच प्रकार झाला. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. लक्षात घ्या, या बोलीत कोणत्याही पक्षाचा झेंडा नव्हता, भांडण नव्हते, पोलीसही नव्हते. आपण ज्या खुणा निर्मळपणाच्या म्हणून सांगता, त्या सगळ्या तिथे हजर होत्या.

प्रत्येक बिनविरोध गाव उमराणे असते, असे मी म्हणत नाही. काही गावे खरोखर एकदिलाने ठरवतात, आणि आपले गावही तसे असू शकेल. पण अर्ज मागे घेण्याच्या दिवशी दुपारी तीनच्या आधी तहसील कचेरीच्या आवारात एकदा उभे राहून पाहावे. मी अनेकदा उभा राहिलो आहे. लिंबाखाली एखादा तरुण उमेदवार मान खाली घालून बसलेला असतो आणि चार वडीलधारे त्याला समजावत असतात : ‘‘आपलंच घर हाय, पुढच्या टायमाला तुझाच नंबर.’’ हा तरुण बहुधा लहान भावकीतला असतो, किंवा ज्याच्या घरची माणसे समजावणाऱ्यांच्याच रानात रोजंदारीला जातात असा असतो. मोठ्या भावकीतला माणूस माघार घेताना मी क्वचितच पाहिला. २०२१ च्या त्या निवडणुकीआधी काही आमदारांनी बिनविरोध होणाऱ्या गावांना निधी जाहीर केला होता. त्यामुळे अर्ज कायम ठेवणारा माणूस गावाच्या विकासाआड येणारा ठरला. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाच्या संकुचितपणावर जे कठोर शब्द वापरले, ते अनेक सभासदांना झोंबले होते. त्या शब्दांमागचा अनुभव या लिंबाखाली समजतो.

पक्षाचा उपयोग नेमका इथे आहे. गावात ज्याच्यामागे शंभर मतेही नाहीत, अशा माणसाला गावाबाहेरचा आधार पक्ष देऊ शकतो : शेजारच्या गावचे कार्यकर्ते, तालुक्याचे कार्यालय, पोलीस ठाण्यात सोबत येणारे कुणीतरी. शिवाय पाच वर्षांनी जाब विचारायला एक नाव शिल्लक राहते. गावच्या पॅनेलचे नाव दर निवडणुकीत बदलते. मागच्या वेळचे ‘ग्रामविकास’ या वेळी ‘परिवर्तन’ होते आणि माणसे तीच असतात.

मात्र हे सगळे पक्षाने करावे अशी अपेक्षा झाली. प्रत्यक्षात आपल्या तक्रारीत बरेच तथ्य आहे. उमेदवारी देताना ‘निवडून येण्याची क्षमता’ हा एकच निकष लावला जातो, आणि त्याचा अर्थ भावकीची संख्या व खर्चाची ताकद असाच असतो. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म शेवटच्या तासाला कुणाच्या हाती पडेल, हे वीस वर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्यालाही ठाऊक नसते. मूळ संविधानात राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. तो १९८५ च्या पक्षांतरबंदी दुरुस्तीने आला, आणि आला तो सदस्याला पक्षादेशाशी बांधण्यासाठी. पक्षाने आपल्या सदस्यांशी लोकशाहीने वागावे, याची सक्ती करणारी तितकीच धारदार तरतूद कायद्यात नाही. नोंदणी करताना पक्ष संविधानाशी निष्ठेची हमी देतो, पण ती मोडली म्हणून नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार निवडणूक आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. गावातली भावकी पक्षात शिरते आणि तिकीट घेऊन पुन्हा गावात उतरते, ते या मोकळ्या वाटेने. म्हणून पक्षाला गावाबाहेर ठेवून आपले गाव निर्मळ होईल, हे मला पटत नाही. पक्षाच्या तालुका बैठकीत गावातल्या लहान घरांची माणसे किती बसतात, हे मी आधी पाहीन.

प्रश्न : मी महिला राखीव जागेवरून निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य आहे. ठराव आधीच ठरलेला असतो, मी फक्त सही करते. विरोध केला तर पद जाईल, असे पॅनेलप्रमुख सांगतात. हे खरे आहे का?
– एक वाचक भगिनी, बीड जिल्हा

उत्तर : ताई, हे खरे नाही. स्थानिक संस्थांसाठीचा राज्याचा पक्षांतरबंदी कायदा महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांच्या सदस्यांना लागू आहे. ग्रामपंचायत सदस्यावर कोणाचाही पक्षादेश चालत नाही, आणि पॅनेलला तर कायद्यात काही स्थानच नाही. आपले मत सर्वस्वी आपले आहे. मासिक सभेत ठराव मोठ्याने वाचून दाखवण्यास सांगा. पटला नाही तर विरोध नोंदवण्यास सांगून तो इतिवृत्तात लिहिला गेला आहे, हे पाहूनच सही करा. ग्रामसभेआधी स्वतंत्र महिला सभा घेणे आपल्या राज्यात बंधनकारक आहे. ती आपल्या गावात खरोखर भरते, की नोंदवहीत नुसत्या सह्या घेतल्या जातात, हे पुढच्या सभेत विचारा. एकटीने विचारणे जड जात असेल, तर इतर राखीव जागांवरच्या सदस्य भगिनींना आदल्या दिवशी भेटून मग सभेला जा.