जर्मनीला कोळसा सोडणं जमतंय, मग कोकणाला का नाही?

जर्मनीसारखा कारखानदार देश कोळसा सोडतोय, मग एवढं ऊन असलेलं कोकण निव्वळ सौरऊर्जेवर का चालत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी गुहागर तालुक्यातला, आमच्या घरावर पॅनल आहेत.

एप्रिल-मे मध्ये दुपारी आमची जादा वीज ग्रिडला जाते. आषाढात आभाळ भरून राहिलं की तेच पॅनल कसेबसे चालतात. खाऱ्या वाऱ्याने सांगाडा गंजतो, आणि माडाची एक झावळी आडवी पडली तरी पूर्ण ओळीची वीज उतरते. रात्री पंखा फिरतो तो ग्रिडवर, आणि देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाची आहे. कोयना संध्याकाळची मागणी सांभाळते, पण तिच्या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाची, म्हणजे कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या न्यायाधिकरणाची, मर्यादा आहे.

तरीही खरी अडचण उन्हाची नाही, असं माझं ठाम मत आहे. ऊन जर्मनीत आपल्यापेक्षा कितीतरी कमी! त्यांनी वेगळं केलं ते हे: २०१८ मध्ये आयोग नेमला आणि त्यात उद्योग, कामगार संघटना, पर्यावरणवाले, खाणींच्या भागातले लोक, सगळ्यांना एकत्र बसवलं. २०२० मध्ये कायदा करून उशिरात उशिरा २०३८ ही मुदत घातली. खाणींच्या प्रदेशांसाठी ४,००० कोटी युरोपर्यंतची तरतूद केली. नोकरी गेलेल्या ५८ वर्षांवरच्या कामगाराला निवृत्तीपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं, भत्ता ठेवला. वाट सरळ नव्हतीच. २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटला तेव्हा बाजूला ठेवलेली कोळसा केंद्रं पुन्हा चालवावी लागली. पण कामगाराला आपलं पुढे काय होणार ते आधी कळलं होतं.

आपल्याकडे जयगडला १,२०० मेगावॅटचं केंद्र आहे, कोळसा बोटीने येतो. तिथल्या कंत्राटी फिटरला, ट्रकवाल्याला, खानावळ चालवणाऱ्या बाईला त्यांचं काय होणार हे कुणी सांगितलेलं मला तरी माहीत नाही. केंद्र बंद पडायच्या दिवशी विचारून उपयोग नाही. तिथले संच २०१०-११ मध्ये सुरू झालेत, अजून बरीच वर्षं चालतील. तोवर जवळच्या आयटीआयमध्ये सौर आणि बॅटरीच्या कामाचं शिक्षण सुरू व्हावं, आणि जमिनी दिलेल्या घरांना त्यात आधी प्रवेश मिळावा. ग्रामसभेत ठराव घ्यायचा झाला तर मी पहिली मागणी हीच मांडेन.