जबाबदारी, जबाबदेही आणि आपला जुना ‘जाब’

ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका मराठीत आणणाऱ्या वाचकांचा प्रश्न आहे. मूळ मजकुरात पानोपानी ‘अकाउंटेबिलिटी’ येते. त्यांनी सगळीकडे ‘जबाबदारी’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘उत्तरदायित्व’ केलं, आणि एका सहकाऱ्याचं म्हणणं की हल्ली ‘जबाबदेही’ म्हणतात. यातलं बरोबर कोणतं?

‘जबाबदारी’ मुळात चूक नाही. जबाब म्हणजे उत्तर, आणि ते ज्याच्याकडे आहे तो जबाबदार. 1917 साली ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जे देण्याचं जाहीर केलं, त्याला मराठीत ‘जबाबदार राज्यपद्धती’ म्हणत. म्हणजे कर्तव्यदक्ष सरकार नव्हे, लोकप्रतिनिधींना उत्तर देणारं सरकार. नागरिकशास्त्रात आजही ‘मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते’ असंच शिकवतात.

आता त्याच्या शेजारी दुसरं वाक्य ठेवा: ‘अपघाताला ठेकेदार जबाबदार आहे.’ दोन्हीकडे ‘-ला’च आहे. पण पहिल्या वाक्यात तो ज्याच्यापुढे उत्तर द्यायचं त्याला लागलाय, दुसऱ्यात जे घडलं त्याला. आणि तिसरं वाक्य: ‘शाळेच्या दुरुस्तीची जबाबदारी सरपंचांवर आहे.’ इथे षष्ठी आली आणि ‘कोणाला’ हा प्रश्न वाक्यातून गळूनच गेला. उरलं ते नुसतं काम. रोजच्या बोलण्यात हा तिसरा अर्थच वरचढ झालाय. त्यामुळे पुस्तिकेत ‘खर्चाची जबाबदारी सरपंचांची’ असं छापलं, तर वाचणारा एवढंच समजेल की पैसे खर्च करणं हे सरपंचांचं काम. नेमकं उलटं!

सरकारी मराठीत तर या शब्दाला आणखी एक वळण आहे. ‘जबाबदारी निश्चित करणे’ म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर ते कोणाच्या माथी किती, हे ठरवणं. सहकार क्षेत्रातल्या कोणालाही ‘88 ची चौकशी’ म्हणून बघा, चेहरा बदलतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 88 खाली संस्थेच्या नुकसानीची रक्कम संचालकांवर बसवता येते. तुमच्या पुस्तिकेला मात्र घोटाळा होण्याआधीचं, दरवर्षीचं, साधं उत्तर देणं अभिप्रेत आहे.

आता माझ्या आवडत्या शब्दाकडे येतो. एकाच अरबी शब्दाची मराठीत तीन रूपं झाली आणि तिघांनी आपापली जागा धरली. तमाशाच्या फडात सवाल-जवाब, पोलीस ठाण्यात जबाब, आणि सभेत किंवा चावडीवर जाब. हा ‘जाब’ फार नेमका आहे. तो विचारणारा वेगळा आणि देणारा वेगळा, हे त्याच्यात गृहीतच धरलेलं असतं. जाब ‘पार पाडता’ येत नाही. आपल्याकडच्या खटल्यांच्या, ग्राहक तक्रारींच्या मराठी कागदांत तक्रारदाराच्या समोर ‘जाबदेणार’ असतो. म्हणजे ‘अकाउंटेबल’ला शब्द शोधत आपण कोश धुंडाळतोय आणि तो बसलाय नोटिशीच्या पहिल्या ओळीत.

‘जबाबदेही’ हिंदीतून आला. राजस्थानात जवाबदेही कायद्याच्या मागणीसाठी यात्रा निघाल्या, त्या बातम्यांबरोबर तो इकडेही रुळला. यातला ‘देही’ फारशी आहे, अर्थ ‘देणं’. मराठी कानाला ‘देही’ म्हटलं की ‘याचि देही याचि डोळा’च आठवतं, त्यामुळे तो थोडा खटकतो. तरी मी त्याच्या विरोधात नाही. ‘जबाबदारी’पासून तो वेगळा ओळखू येतो, आणि नामच हवं असेल तर एवढा फायदा पुरे.

‘उत्तरदायित्व’ अर्थाने चोख आहे, पण ग्रामसभेत उच्चारून बघा. शिवाय जमाखर्चात ‘दायित्व’ म्हणजे देणं. ‘पंचायतीचं उत्तरदायित्व’ ऐकून एखाद्या सदस्याने ‘किती रुपयांचं?’ असं विचारलं, तर त्याला हसू नका.

आणि जिथे प्रश्न पैशाचाच आहे, तिथे ‘हिशेब’ सोडून दुसरीकडे जायचं कारण काय? इंग्रजी शब्दाच्या पोटातही मोजणीच आहे. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाया घेतल्या, गावच्या कामांची बिलं आणि हजेरीपटावरची नावं सगळ्यांसमोर वाचली. त्यांची घोषणा होती ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’. आपल्याही गृहनिर्माण संस्थांच्या अहवालांत ‘हिशेब तपासनीस’ असतोच. त्याला ‘लेखापरीक्षक’ ही बढती नंतर मिळाली. फक्त ‘हिशेब चुकता करणे’ पुस्तिकेत येऊ देऊ नका, त्यातून वेगळीच मारामारी सूचित होते.

तेव्हा एकच शब्द ठरवून सगळीकडे चिकटवू नका. प्रत्येक वाक्याला विचारा: उत्तर कोणी द्यायचं, कोणाला, कशाबद्दल? तिन्ही जागा भरल्या की बहुतेक वेळा नामाची गरजच राहत नाही, क्रियापद पुरतं.

तुम्ही नमुन्याला पाठवलेलं वाक्य आहे: ‘पंचायतीची ग्रामसभेप्रती आर्थिक जबाबदारी असते.’ आधी तो ‘प्रती’ काढा, तो हिंदीचा आहे. मग कायदा काय सांगतो ते बघा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीने वार्षिक हिशेब, मागच्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल, शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी आणि त्यातल्या आक्षेपांना दिलेली उत्तरं ठेवायची असतात. मी असं लिहीन: ‘पंचायतीने वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. ऑडिटमध्ये निघालेल्या आक्षेपांबद्दल ग्रामसभा तिला जाब विचारू शकते.’ मुखपृष्ठावर ‘उत्तरदायित्व’ राहिलं तरी हरकत नाही.