चौदा तास बसूनही मार्क का वाढत नाहीत?

“पोरगं चौदा-चौदा तास बसतंय बघा मॅडम, पण मार्क काय वाढंनात. आणि विश्रांती घे म्हणावं, तर तीच सवय लागंल.”

स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे पालक बहुतेक हीच काळजी घेऊन येतात. हे बोलणारे वडील कागल तालुक्यातले शेतकरी, एकेकाळचे पैलवान. मुलगा (त्याला समीर म्हणू, नाव बदललं आहे) कोल्हापूरच्या राजारामपुरीत खोली घेऊन एमपीएससीची तयारी करत होता. सकाळी सातला अभ्यासिकेत, रात्री दहाला बाहेर, झोप जेमतेम पाच तास.

मी त्याला आदल्या दिवसाचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहायला लावला. राज्यघटनेचं एकच प्रकरण तीनदा वाचलेलं. मधले ‘ब्रेक’ म्हणजे खुर्चीत बसूनच मोबाइलवर रील्स. म्हटलं, “पुस्तक मीट आणि मूलभूत कर्तव्यं लिही.” अकरापैकी चार लिहून पेन थांबलं. ही कर्तव्यं सांगणारं कलम ५१अ त्याने त्याच सकाळी वाचलं होतं. पोराचे डोळे भरून आले.

समीर आळशी मुळीच नव्हता. पण त्याच्या दिवसात ना धड कस होता, ना धड विसावा. डोळ्यांखालून ओळी गेल्या की येतंय असं वाटतं. प्रत्यक्षात डोक्याला जोर पडतो तो न बघता आठवताना. आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. तीच कापून समीर अभ्यासाचे तास वाढवत होता.

मग मी वडिलांकडे वळले. “तालमीत वस्ताद दिवसभर जोर मारायला लावायचे का हो?”

“छे! पहाटे मेहनत, मग मालिश, खुराक, दुपारची झोप. संध्याकाळी परत माती. न झोपता आलेल्या पोराला वस्ताद हौद्यात उतरू द्यायचे नाहीत.” एवढं बोलून ते स्वतःच गप्प झाले. पुढचं मला फारसं समजवावं लागलं नाही.

आम्ही तास कमी केले, पण अभ्यास अवघड केला. दीड-दीड तासाच्या चार बैठका, प्रत्येकीच्या शेवटी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, चुकलेलं दोन दिवसांनी पुन्हा. मधल्या वेळेत मोबाइल खोलीवर ठेवून रंकाळ्याला चक्कर. रात्री अकराला दिवा बंद. रविवारी दुपारनंतर पुस्तक नाही.

अवघड गेली ती रविवारची दुपार. “सगळे अभ्यासिकेत असतील,” म्हणून जीव खालीवर व्हायचा. ती अपराधी भावना मला महत्त्वाची वाटते, कारण वेळापत्रक बहुधा तिच्यामुळेच मोडतं. म्हणून त्या वेळेला वडिलांनी काम दिलं: गावी यायचं, जनावरांचं बघायचं, सगळ्यांबरोबर जेवायचं. पहिल्या दोन सराव चाचण्यांत मार्क हलले नाहीत. नंतर हळूहळू चढू लागले. निकाल अजून यायचा आहे.

अशा घरांना एक आवर्जून सांगते. नीट विसावा देऊनही दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर तो अभ्यासाचा थकवा समजू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.