नॅचरल च्यू दिला की दुसऱ्या दिवशी कुत्र्याचं पोट बिघडतं, च्यू बंदच करावेत का?

तुमचा कुत्रा एक वर्षाचा, साधारण १० किलोचा, च्यू (म्हणजे चघळायला देतात ते प्राण्यांचे वाळवलेले भाग) म्हणून कधी बुली स्टिक देता कधी डुकराचा वाळवलेला कान, तो तासभर मजेत चघळत बसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ शी, एकदा तर उलटीपण झाली. पाकिटावर तर ‘शंभर टक्के नॅचरल’ लिहिलंय मग असं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाहीये, पण दोन कुत्री पाळलीत आणि दोघांच्या बाबतीत यातल्या जवळजवळ सगळ्या चुका करून झाल्यात, त्यामुळे लिहितेय.

आधी तो ‘नॅचरल’ शब्द डोक्यातून काढा. नॅचरल म्हणजे पचायला हलकं असं कुठेच लिहिलेलं नाही. बुली स्टिक म्हणजे बैलाचं वाळवलेलं लिंग (हो, तेच, मला कळलं तेव्हा मीपण दोन मिनिटं हातातल्या काडीकडे बघत बसले होते), म्हणजे पाणी काढून टाकलेलं जवळजवळ निव्वळ प्रोटीन. कान म्हणजे कातडी, कूर्चा आणि बऱ्यापैकी चरबी. पाणी उडालेलं असल्यामुळे हातात घेतलं की एवढंसं वाटतं पण पोटात जातं ते भरपूर. आपण त्याला खेळणं समजून देतो, ते असतं जेवण. माझ्या मते तुमची गडबड इथेच आहे, वस्तू वाईट नाहीये, तासभर दिली हे वाईट.

हिशोबच करून बघा ना. १० किलोच्या मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे ६०० कॅलरी लागतात, थोडं इकडेतिकडे. वरचं खाणं, म्हणजे ट्रीट बिस्किटं च्यू सगळं मिळून, त्याच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा असं जवळजवळ सगळेच व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, सांगतात, म्हणजे ६० कॅलरी. आणि बुली स्टिकमध्ये इंचाला ९ ते २२ कॅलरी असतात. सहा इंचाची एक काडी धरली तर साधारण ९० झाल्या. त्याने एका बैठकीत दीड दिवसाचं वरचं खाणं उडवलं, ते पण नेहमीचं जेवण झाल्यावर, आणि आतड्याला सवय नसलेलं. पातळ शी नाही होणार तर काय होणार!

त्यामुळे मी आता च्यू नग मोजून देतच नाही, मिनिटं मोजून देते. मोबाईलवर टायमर लावायचा. नवीन प्रकार असेल तर पहिल्या दिवशी ५ मिनिटं, फार तर ७, मग काढून घ्यायचा. त्यानंतर दोन दिवस तो च्यू नाही आणि दुसरं काही नवीनपण नाही, फक्त शी बघायची. घाण वाटेल पण कुत्रा पाळला म्हणजे शी बघणं आलंच. उचलल्यावर जमिनीवर फारसा डाग राहत नाही अशी असेल तर पुढच्या वेळी १० मिनिटं, मग १५. माझ्याकडे १५ च्या वर कोणालाच मिळत नाही आणि रोज तर नाहीच, आठवड्यातून दोनदा-तीनदा. ज्या दिवशी च्यू त्या दिवशी संध्याकाळचं जेवण थोडं कमी.

आणि एका वेळी एकच प्राणी. म्हणजे या आठवड्यात बैल तर बैलच, मध्येच मासा आणि चिकन नको. कारण काही कुत्र्यांना खरंच ॲलर्जी असते, आणि जास्त करून ती बीफ, दूध आणि चिकन याचीच निघते, तर तुम्ही तीन गोष्टी एकत्र दिल्या तर कळणार कसं कशामुळे झालं. ॲलर्जी असेल तर नुसतं पोट नाही बिघडत, कान खाजवणं, पंजे चाटत बसणं असं पण चालू होतं. तुमच्या कुत्र्याला दोन वेगवेगळे च्यू आलटून पालटून दिलेत म्हणून हे खास सांगितलं.

डुकराच्या कानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ज्याचं पोट आधीच नाजूक आहे त्याला नको. चरबी जास्त. एकदम खूप चरबी पोटात गेली की काही कुत्र्यांना पॅन्क्रियाटायटिस होऊ शकतो, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, आणि ते नुसत्या जुलाबासारखं दोन दिवसांत आपोआप जाणारं प्रकरण नाही, सलाईन लावायची वेळ येते. शिवाय २०१९ मध्ये अमेरिकेत या कानांमुळे साल्मोनेला नावाचा जंतू पसरला होता आणि १५० च्या वर माणसं आजारी पडली होती. कुत्री नाही म्हणत मी, माणसं! म्हणून कुठलाही वाळवलेला च्यू हातात घेतला की नंतर साबणाने हात धुवायचे, लहान मूल रांगत असेल त्या चटईवर कुत्र्याला च्यू घेऊन बसू द्यायचं नाही. आमच्याकडे त्यासाठी एक जुना टॉवेल आहे, तो अंथरला की माझ्या कुत्र्याला, बंड्याला, कळतं आता काय मिळणार, आणि टॉवेल नंतर गरम पाण्यात.

मग द्यायचं काय? नाजूक पोटाला मी सुरुवात वाळवलेल्या फुप्फुसाने करेन, हलकं असतं, चरबी कमी, बिस्किटासारखं कुरकुरीत तुटतं. दात साफ वगैरे होणार नाहीत त्याने, पण पोट सांभाळतं. माशाची वाळवलेली कातडी पण बऱ्याच जणांना मानवते, फक्त वास असा की शेजारी विचारतील. श्वासनलिका, म्हणजे ती ट्रॅकिया, कूर्चेची पोकळ नळी, मध्यम आकाराच्या कुत्र्यांना बरी, पण तिच्यावर चरबी चिकटलेली असेल तर ती खरवडून द्या. इथे एक कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट, अन्ननलिकेच्या म्हणजे गलेटच्या च्यूमध्ये कधीकधी जनावराच्या थायरॉइड ग्रंथीचा भाग राहून गेलेला असतो आणि तो सारखा खाल्ला तर कुत्र्याच्या रक्तात थायरॉइडचं हार्मोन वाढतं, मग वजन उतरतं, सारखी तहान लागते, अस्वस्थपणा येतो. म्हणून गळ्याचे प्रकार मी रोजच्या यादीत ठेवत नाही. आणि सगळ्यात साधं म्हणजे फ्रीझरमधलं गाजर. हसू नका. अख्खं जाडसर गाजर गोठवून द्या, चघळायची हौस भागते, कॅलरी नावापुरत्या. फक्त गिळणारा कुत्रा असेल तर गोल चकत्या नकोत, त्या घशात नेमक्या बसतात.

आता कडकपणा. पोटाबद्दल विचारलंय तुम्ही पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझी राणी, मोठी कुत्री, तिची दाढ मी स्वतः विकत आणलेल्या हरणाच्या शिंगाने फोडली. मला वाटलं टिकाऊ आहे, महिनोन्महिने चालेल, पैसे वसूल. एक दिवस नुसता ‘टक’ असा आवाज आला, ती क्षणभर थांबली आणि परत चघळायला लागली. काही ओरडली नाही, रडली नाही. तीन आठवड्यांनी डोळ्याखाली सूज आली तेव्हा कळलं की वरच्या जबड्यातल्या सगळ्यात मोठ्या दाढेची बाहेरची कपची उडाली होती आणि मुळाशी पू झाला होता. भूल देऊन दाढ काढावी लागली. तेव्हापासून नियम असा की अंगठ्याचं नख रुतवून बघायचं, जरासुद्धा खूण उठत नसेल तर घरात आणायचं नाही. शिंग, खूर, मोठ्या जनावरांची नळीची हाडं, सगळं बाद. दुधाचे कडक वाळवलेले च्यू असतात तेपण याच परीक्षेत नापास होतात, पण त्यांचा उरलेला छोटा तुकडा थोडा वेळ भिजवून मायक्रोवेव्हमध्ये फुलवता येतो, गार झाला की कुरकुरीत होतो, तो चालतो.

शिजवलेलं हाड कुठल्याही प्राण्याचं असो, नाही म्हणजे नाही. शिजलं की ठिसूळ होतं आणि सुयांसारखं फुटतं. कच्च्या हाडावर लोक हिरिरीने भांडतात, मी त्यात पडत नाही, जंतूंचा धोका आणि दातांचा धोका दोन्ही आहेत म्हणून मी देत नाही एवढंच. रॉहाइड, म्हणजे कातड्याची ती गाठ मारलेली पांढरी हाडं, ती भिजली की फुगतात आणि मोठा लिबलिबीत तुकडा गिळला तर पुढे अडकून बसतो, तेपण आमच्याकडे बंद. आणि मक्याचं कणीस! नॅचरल आहे म्हणून दाणे काढलेलं बुरकुंड कुत्र्याला टाकणारे लोक मी पाहिलेत. ते पचत नाही, आतड्यात बूच बसल्यासारखं बसतं, बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं.

बूच बसण्यावरून आठवलं, च्यूचा खरा धोका शेवटच्या दोन इंचात असतो. काडी लांब आहे तोवर कुत्रा निवांत, पंज्यात उभी धरून बाजूच्या दातांनी चघळतो. छोटी झाली की त्याच्या डोक्यात ‘हे आता गिळता येईल’ असं काहीतरी होतं. बंड्याचं मी बघितलंय, आधी चघळायचा आवाज थांबतो, मान थोडी वर जाते, डोळे माझ्याकडे, आणि गटकन्. एकदा असाच गिळलेला तुकडा सात तासांनी जसाच्या तसा उलटून पडला, वर फेस, एक बाजू अजून कडक. नशीब उलटून पडला. त्यामुळे तुकडा त्याच्या तोंडात आडवा मावेल इतका झाला की खेळ संपला, काढून घ्यायचा. काड्या घट्ट पकडून ठेवणारे होल्डर मिळतात ते बरे असतात, आणि मुळात घेतानाच त्याच्या तोंडापेक्षा बरीच लांब काडी घ्यायची. लाळेने भिजलेला अर्धा च्यू सोफ्याखाली राहू द्यायचा नाही, फ्रीजमध्ये झाकून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा नाहीतर टाका. आम्हाला एकदा सोफा सरकवल्यावर असा सापडला होता, हिरवी लव आलेला, आणि हे महाशय तोपण परत मागत होते.

पोट बिघडलंच तर, कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, एखाददोनदाच पातळ झालीये, तर च्यू बंद, पाणी समोर ठेवा आणि एक-दोन दिवस थोडं थोडं करून मऊ भात आणि बिनमिठाचं, कातडी काढलेलं उकडलेलं चिकन (चिकन मानवत असेल तर). माणसांच्या गोळ्या अजिबात नाहीत, जुलाब थांबवायच्या नाहीत आणि दुखण्याच्या तर नाहीतच, आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याचं पोट आणि किडनी दोन्हीची वाट लावते. पण पुन्हा पुन्हा उलट्या, प्यालेलं पाणीसुद्धा बाहेर येतंय, पोटाला हात लावू देत नाही, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करून उभा राहतोय, शी करायला बसतो पण होत नाही, शीत रक्त आहे किंवा ती डांबरासारखी काळी आहे, यातलं एकही दिसलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर, आणि उरलेला च्यू आणि पाकीट सोबत घेऊन जा, काय खाल्लं ते त्यांना लगेच कळतं. तुमच्याकडे उलटी एकदाच झाली म्हणताय म्हणून मी घाबरवत नाहीये, पण च्यू न देताही शी पातळ राहिली तर मात्र एकदा शी तपासून घ्या, जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) असला तर आपण बिचाऱ्या च्यूला उगाच शिव्या घालत बसतो.

तर तुमच्यासाठी, आधी शी नीट बांधून येऊ दे, त्यानंतर अजून आठवडाभर काहीच नवीन नाही. मग फुप्फुसाचा अंगठ्याएवढा तुकडा, दोन दिवस थांबा, ठीक असेल तर परत एकदा. बुली स्टिक त्यानंतर, ५ मिनिटं.

आणि काढून घेताना हिसकावू नका. दोनदा हिसकावलंत तर तिसऱ्यांदा तो गुरगुरेल किंवा तुम्ही जवळ येताय बघून घाईघाईत गिळून टाकेल, म्हणजे ज्याची भीती तेच. उकडलेल्या चिकनचा (चिकन आधीपासून मानवत असेल तर) बोटभर तुकडा त्याच्या नाकापाशी धरायचा, ‘दे’ म्हणायचं, तोंड उघडलं की चिकन त्याला आणि च्यू तुमच्या पाठीमागे. सुरुवातीला चिकन देऊन च्यूपण परत द्यायचा, चार-पाच वेळा, म्हणजे ‘दे’ म्हटलं की नुकसान होत नाही हे त्याला पटतं. बंड्याला पटायला आठ दिवस लागले, आता तर टायमर वाजला की तो स्वतःच काडी टॉवेलवर टाकून फ्रीजकडे बघत बसतो.