सुपरचार्जर उघडण्याआधी

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप. त्यातले दोन फिरते रोटर काढायची घाई करू नकोस. आधी रोटरना एका तालात फिरवणाऱ्या दोन्ही टायमिंग गियरच्या जुळणाऱ्या दात्यांवर खूण कर. एक दाता चुकला तरी रोटर एकमेकांवर आदळतात.

निळा धूर म्हणजे बहुतेक गियरकडचं तेल आत ओढलं जातंय. कार्ब्युरेटर ब्लोअरच्या, म्हणजे सुपरचार्जरच्याच, आधी असेल तर थ्रॉटल मिटताच आत व्हॅक्यूम होतो, तेल सील ओलांडतं. पण नुसतं सील बदलून भागत नाही. जुन्या सीलनं शाफ्टवर खाच पाडलेली असते, नख फिरवलं की अडकतं. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत चांगला ग्राइंडिंगवाला गाठ, शाफ्टवर स्लीव्ह (पातळ धातूची नळी) बसवून घे. सील व्हायटॉनचंच (पेट्रोल सोसणारं रबर) घे, तिथं सीलला पेट्रोलचा स्पर्श होतो.

आणि एंड प्लेटला जाड गॅस्केट अजिबात नको! रोटरच्या टोकाची फट वाढते, बूस्ट (जादा हवेचा दाब) जातो. फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजूनच बोल्ट आवळ.